आधी दात, मग माणूस

बत्तिशीमावशीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कोणी हात करून "ओळखलंत का?" असं विचारलं की ती म्हणायची, "जरा हसा बघू." समोरचा हसला की लगेच, "हां, खालची कवळी, डाव्या बाजूला टोचत होती! आता बरी आहे ना?" वीस वर्षांपूर्वीची कवळी तिला एका हसण्यात आठवायची. सख्ख्या दिराला मात्र तिने दोनदा "आपण कोण?" असं विचारलं होतं, कारण तो बिचारा मुळातच हसरा नव्हता.

दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे तिची खोली होती. एक खिडकी, एक लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बोटाएवढा चाकू आणि वरचा-खालचा जबडा नीट मिटतो का हे बघायला एक लोखंडी बिजागरी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. नवा माणूस खोलीत आला की आधी दोन पावलं मागे जायचा. मावशीला त्याचं नवल वाटायचं. एवढी मंडळी सोबतीला असताना भीती कसली?

हा धंदा तिला एका म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवला होता. पहिले सहा महिने त्यांनी तिला खडूच्या कांड्यांतून एकच दाढ कोरायला लावली. रोज संध्याकाळी ते ती दाढ हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि "गाईची झाली" म्हणून डब्यात टाकायचे. ज्या दिवशी ते "माणसाची झाली" म्हणाले, त्या दिवशी मावशी घरी जाऊन आईच्या गळ्यात पडून इतकी रडली, की आईला वाटलं नोकरी गेली.

मावशीच्या शनिवारच्या वर्गाची सुरुवात एका गोगलगायीपासून झाली. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी दातांचं माप द्यायला आली होती. पुढचे दोन दात ऐटीत बाहेर, म्हणून मावशीने तिचं नाव तिथल्या तिथे 'खारूताई' ठेवून टाकलं. माप सुकेपर्यंत पोरगी स्वस्थ बसेना. तिने टेबलावरचा मेणाचा तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि पाच मिनिटांत एक गोगलगाय करून ठेवली. शिंगं, शंख, मऊ पोट, सगळं जागच्या जागी. मावशीने ती खिडकीच्या उजेडात धरली, वळवून वळवून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. दात कुठायत?"

"गोगलगायीला दात नसतात."

"असतात. हजारो असतात, बारीक बारीक. तुला दिसले नाहीत म्हणून काय नसतात? पुढच्या शनिवारी ये, दाखवते."

पोरगी आली. तिच्या मागोमाग तिचा वर्गमित्र आला, त्याचं नाव पडलं 'सुळा'. मग सुळ्याची बहीण आली, ती 'फटी'. वर्षभरात दर शनिवारी सकाळी त्या खोलीत नऊ पोरं कोपराला कोपर लावून माती थापू लागली. फी काही नव्हती, अट एकच होती: आधी दात. मग जबडा. मग गाल, ओठ, नाक, कान आणि राहिलेला माणूस. दात जबड्यात बसवायचे, पण सुटे. पाहिजे तेव्हा काढता आले पाहिजेत, पाहिजे तेव्हा घालता आले पाहिजेत.

"पण मावशी, तोंड मिटलेलं असेल तर दात दिसणारच नाहीत की," सुळा एकदा म्हणाला.

"तुझी अक्कल तरी कुठे दिसते? पण आम्ही आहे असं धरूनच चालतो ना?" मावशी म्हणाली.

या पद्धतीचा परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्या वर्षाच्या शेवटी मावशीने पोरांचं प्रदर्शन दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, रुग्ण बसतात तिथे भरवलं. दात विचकणारा घोडा, बत्तीस दातांचं तान्हं बाळ, खुदुखुदु हसणारा मासा, आणि फटीने केलेली एक कोंबडी, जिच्या दाढा पाहून डॉक्टरांची स्वतःचीच दातखिळी बसली. एक म्हातारे गृहस्थ कोंबडी बघून उठले आणि दुखरी दाढ तशीच घेऊन घरी गेले. डॉक्टर मावशीला म्हणाले, "अहो, हे प्रदर्शन आहे की शाप?" पण दोन दिवसांनी तेच गृहस्थ नातवंडांना कोंबडी दाखवायला घेऊन आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत गाठलं आणि दाढ काढली. तेव्हापासून कोंबडी तिथेच आहे.

हसायचं तेवढं हसून घ्या, पण एक गोष्ट खरी. सुळा शाळेत दर आठवड्याला कोणाला ना कोणाला बदडून यायचा. मावशीकडे त्याने एका कुत्र्याचा जबडा चार महिने केला. दर वेळी मावशी "लांडग्याचा झाला" म्हणायची, दर वेळी तो दातओठ खात मोडायचा आणि पुन्हा करायचा. पाचव्या महिन्यात त्याच्या आईने येऊन विचारलं, "तुम्ही याला काय दिलंत? घरी बसून भावाला चित्र काढून दाखवतो." फटी चारचौघांत तोंड उघडत नसे. कोंबडीपाशी उभं राहून तिने चाळीस अनोळखी माणसांना कोंबडीची प्रत्येक दाढ समजावून सांगितली. मावशीला कलाशिक्षण वगैरे शब्द माहीत नव्हते. तिला एवढंच माहीत होतं, की सहा महिने एकच दाढ कोरताना कोणीतरी रोज आपली दाढ हातात घेऊन बघतं, यासारखं सुख नाही.

आणि खारूताई? तिने तीन वर्षांत मावशीचं घर मातीच्या प्राण्यांनी भरून टाकलं. मावशीचा नवरा सज्जन माणूस, पण कपाटावरून हसणाऱ्या बदकाकडे पाठ करूनच जेवायला बसायचा. "ते माझा घास मोजतं," म्हणायचा. पोरीच्या बोटांत काहीतरी होतं हे त्यालाही कळत होतं, नाहीतर मातीच्या बदकाला कोण घाबरतं?

खारूताईला कलाशाळेत जायचं होतं. तिचा बाप बस चालवायचा. सरळ माणूस, रस्ता सरळ, बोलणंही सरळ. तो मावशीच्या खोलीत आला, जबड्यांच्या फळ्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, मी अडवत नाही. पण एकदाच. परीक्षा दिली, झाली तर झाली. नाही झाली तर सोमवारपासून तिच्या मामाच्या दुकानात. गाड्यांचे सुटे भाग विकायचे. मामाने टेबलसुद्धा ठरवून ठेवलंय."

"आणि शनिवारचा वर्ग?" मावशीने विचारलं.

"दुकान शनिवारी चालू असतं."

मावशीने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कवळीत खालचा दात वर बसवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी नऊ ते दुपारी तीन. एका माणसाला समोर बसवणार आणि सगळ्यांनी मातीत त्याचं डोकं करायचं. मुलं बारा, जागा चार, आणि आत लक्ष ठेवायला एक परीक्षकबाई. समोर बसायला शाळेचाच जुना पहारेकरी होता. ताठ मानेचा, मिशीवाला, चेहरा असा की कुलूपसुद्धा त्याच्यापुढे सैल वाटावं. मावशी आणि बाप बाहेरच्या बाकावर बसले. दाराला काच होती, पण ती एवढी उंच की बापाला बाकावर चढावं लागायचं, आणि चढला की शिपाई ओरडायचा.

"दिसलं का काही?" अकरा वाजता मावशीने विचारलं.

"दिसलं." बापाचा चेहरा पडला होता. "बाकीच्यांची नाकं झाली, कान झाले. एकाची तर मिशीसुद्धा झाली. आपली नुसते दात करत बसलीये. अहो, तो माणूस तोंड मिटून बसलाय!"

"आत आहेत ना दात? मग झालं."

"मावशी, दोन तास झाले!"

"पाया घालायला वेळ लागतो," मावशी म्हणाली. ती उगाचच पदराचं टोक मोजल्यासारखं चिमटीत धरत राहिली.

सव्वा वाजता आतून एक शिंक ऐकू आली. साधीसुधी नव्हे, दाराची काच थरथरली. त्यापाठोपाठ फरशीवर काहीतरी ठण्णकन आपटलं, आणि मग बारा पोरांचा एकदम श्वास. तो आवाज मावशीने आयुष्यात इतक्या वेळा ऐकला होता, की ती बाकावरून न उठताच म्हणाली, "वरची. मधोमध."

शिपाई बाहेर धावत आला. हातात रुमाल, रुमालात कवळीचे दोन तुकडे. "इथे जवळ दातांचा डॉक्टर कुठे आहे हो? मातीची धूळ नाकात गेली आणि म्हाताऱ्याचं तोंडच बदललं! गाल आत, हनुवटी वर. पोरं रडायला लागलीत, कोणाचंच डोकं आता जुळेना."

"परीक्षकबाई काय म्हणाल्या?" मावशीने विचारलं.

"कवळी नीट होऊन आली तर ठीक, तोवर दिसतंय तसं करा म्हणाल्या."

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकरा पोरांची डोकी आतून भरीव. गाल आत न्यायचे तर अर्धं डोकं फोडावं लागणार. आणि आपल्या पोरीचे दात सुटे! ते उचलून बाजूला ठेवायचे की गाल आपोआप आत. पाच मिनिटांचं काम. म्हातारा तीन वाजेपर्यंत असाच बसला, तर जागा खिशात.

तिने हे बापाच्या कानात सांगितलं. ज्या बापाने मामाकडचं टेबल ठरवलं होतं, त्याच बापाने झटक्यात मावशीचा हात धरला. "मग तुम्ही कवळ्या करता हे कोणाला सांगू नका! पाया पडतो तुमच्या. तुम्ही कोण? तुम्ही माझी थोरली बहीण. कणीक मळता, बास."

"मला काय वेड लागलंय सांगायला?" मावशी म्हणाली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. बसली म्हणजे काय, सुळावर बसली. तुकडे रुमालात होते आणि रुमाल तिच्या डोळ्यांसमोर. काय ते काम! टाळू केवढा जाड, कड केवढी खरखरीत. कोणी केलं असेल हे? आणि तेवढ्यात शिपायाने आत डोकावायला दार उघडलं.

पहारेकरी स्टुलावर बसला होता. मान तशीच ताठ, पण तळहात तोंडावर गच्च. जन्मभर दारावर उभा राहून लोकांना "कोण तुम्ही?" असं दरडावून विचारणारा माणूस, बारा पोरांसमोर हाताआड लपला होता.

मास्तर नेहमी म्हणायचे, की आपल्यासमोर कोणी तोंड झाकून बसला असेल तर तोवर आपण चहासुद्धा प्यायचा नाही. मावशीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं.

"मावशी, नाही," बाप म्हणाला.

"द्या इकडे," मावशी शिपायाला म्हणाली.

तिच्या पिशवीत गुलाबी पूड, उग्र वासाची बाटली, मेण आणि कानस एवढं कायम असायचं. नातेवाइकांच्या पंगतीत कोणाची ना कोणाची कवळी मोडतेच. तिने व्हरांड्यातल्या नळाशी दुकान मांडलं. तुकडे मेणाने जुळवले, शाळेचंच प्लास्टर मागवून त्याच्यावर बसवले, फुटलेल्या कडा घासल्या, फटीत पूड भरली आणि बाटलीतले थेंब सोडले. बाप शेजारी उभा राहून दुःखाने बाटलीचं झाकण धरत होता. "माझ्या पोरीचे दात तुम्ही माझ्याच हातांनी तिच्या घशात घालताय," तो म्हणाला.

"झाकण सरळ धरा, सांडेल," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ते बाटलीच्या वासाने असं तिने सांगून टाकलं.

पाऊण तासाने कवळी तयार झाली. तोंडात नीट बसते का बघायला मावशीला आत बोलावलं. "कोणाशी बोलायचं नाही," परीक्षकबाईंनी बजावलं. मावशी खाली मान घालून गेली, म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी बसवली, "चावा," म्हणाली, एका जागी जरा घासली, पुन्हा बसवली. म्हाताऱ्याचा चेहरा पुन्हा कुलूपबंद झाला. आणि वळताना, नको नको म्हणत असतानाही तिची नजर गेलीच.

खारूताईने दात काढले होते. ते फळीवर नीट ओळीने ठेवलेले, आणि डोक्याचे गाल आत, हनुवटी वर, बघत राहावं असं. आता ते सगळं चुकीचं झालं होतं. मावशीने चुकीचं केलं होतं. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. मावशीला तिथेच मटकन बसून ढसाढसा रडावंसं वाटलं. तिला दाराबाहेर काढलं तेव्हा घड्याळात दोन वाजले होते.

"घालेल परत," बाहेर आल्यावर ती बापाला म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे."

बाप बाकावर चढला, शिपाई ओरडला, तो उतरला नाही. "नाही घालत," दहा मिनिटांनी तो म्हणाला. अडीच वाजता म्हणाला, "अजून नाही." पावणेतीनला तो आपणहून खाली उतरला.

तीन वाजता दार उघडलं. भिंतीशी बारा डोकी ओळीने मांडली होती. अकरा डोकी तोंडं मिटून, मिश्या सावरून, कोणावर तरी रागावलेली. बारावं डोकं हसत होतं. तोंड उघडं, आत नुसत्या हिरड्या, गाल खड्ड्यात गेलेले, आणि डोळे असे की पाहणाऱ्यालाही कारण नसताना हसू यावं. दात एकही नाही. मावशीच्या वर्गातून बाहेर पडलेली ही पहिली बिनदाताची वस्तू.

परीक्षकांमध्ये बाईंबरोबर एक गृहस्थ होते, दाढी नेटकी, स्वभाव त्याहून नेटका. "समोर दात आहेत, इथे नाहीत," ते म्हणाले. "निरीक्षणाला शून्य."

"का नाही घातलेस परत?" बाईंनी खारूताईला विचारलं. "एक तास होता तुझ्याकडे."

"घालणार होते," पोरगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पण ते सकाळपासून एकदाच हसले. मावशी बाहेर कवळी करत होत्या तेव्हा. आधी तोंड झाकून बसले होते, मग त्या कोपऱ्यातल्या मुलाला म्हणाले, 'रडू नकोस, मी पण शोधतोय माझं तोंड.' आणि हसले. दात घातल्यावर परत नाही हसले. मग मला वाटलं, दात आत गेले की हे आजोबा आत जातात."

गृहस्थांनी घसा खाकरला. म्हणणं सुंदर आहे, पण नियम म्हणजे नियम, असं काहीतरी ते सुरू करणार होते. तेवढ्यात पहारेकरी स्टुलावरून उतरला. अकरा डोक्यांसमोरून तपासणी केल्यासारखा चालत गेला. बाराव्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने सगळ्यांसमोर तोंडात बोटं घातली, मावशीने पाऊण तास घाम गाळून जोडलेली कवळी काढली, खिशात टाकली, त्या डोक्याच्या शेजारी आपलं डोकं नेलं आणि हिरड्या दाखवून हसला.

"आता दा वा बदु," तो म्हणाला. म्हणजे, आता द्या मार्क बघू. सगळ्यांना कळलं.

साडेचारला फळ्यावर चार नंबर लागले. तिसरा खारूताईचा होता. नंतर कळलं, निरीक्षणाच्या रकान्यात त्या दाढीवाल्या गृहस्थांनी सगळ्यात जास्त मार्क दिले होते, आणि खाली सहीही नेटकी केली होती. बापाने तिथल्या तिथे मामाला फोन लावला. "टेबल दुसऱ्या कोणाला दे," एवढंच म्हणाला, फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून खिशातला रुमाल शोधत राहिला.

खारूताई मावशीपाशी आली. मातीने कोपरापर्यंत भरलेली, आणि नेमकी आता तिला भीती वाटत होती. "रागावलात?"

"रागावले," मावशी म्हणाली. "तीन वर्षं एकच गोष्ट शिकवली. आधी दात, आधी दात. ती तू काढून फळीवर ठेवलीस."

"पण दात आधी केले म्हणूनच काढता आले, मावशी."

मावशीला रडू येत होतं आणि या वेळी हाताशी बाटली नव्हती. मग तिने एकदम, ओझं खाली टाकावं तसं सांगून टाकलं, "अगं, मला ओठ येत नाहीत. कधीच आले नाहीत. करायला घेतले की सुरळीसारखे होतात. म्हणून दातांपाशीच सगळ्यांना अडवून धरते."

खारूताईने तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"माहितीये," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाला माहितीये. येत्या शनिवारी आपण तुमचे ओठ घेऊ. सहा महिने लागतील."